शिकाऊ उमेदवार: पिंपरीपासून चाकणपर्यंत

मागच्या वेळी या पट्ट्यात कारखाने कसे आले ते आपण पाहिलं. व्याख्यान संपल्यावर दोन-तीन पालक थांबले होते, आणि सगळ्यांचा प्रश्न जवळपास एकच होता. मुलगा बारावी झालाय, चाकणच्या कंपनीत काम करता करता पदवी मिळेल अशी जाहिरात आहे, अर्ज करू द्यायचा का? आम्ही इतिहासाची माणसं, सल्ला देणं आमचं काम नाही. पण या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, तो आज बघू.

सुरुवात शब्दापासून. उमेदवार, म्हणजे उमेद धरून बसलेला. निवडणुकीतला उमेदवार नंतरचा. त्याआधी कचेरीत कारकुनाच्या शेजारी बसून, पगाराशिवाय, कधीतरी नेमणूक होईल या आशेवर लिखापढी शिकणारा तो उमेदवार. काम आज, मोबदला उद्या, आणि उद्याची खात्री कुणी द्यायची नाही. ही कल्पना कचेरीतून कारखान्यात आली, आणि तिचा हा स्वभाव पुरता सुटला नाही.

आता पिंपरीत येऊ. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डीला बजाज. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पण शिकाऊ उमेदवारीच्या दृष्टीने महत्त्वाची कंपनी टेल्को. सुमंत मुळगावकरांनी 1966 च्या सुमारास इथे काम सुरू केलं, तेव्हा आधी गाड्या काढल्या नाहीत. आधी प्रशिक्षण विभाग, यंत्रं आणि डाय बनवण्याची शाळा म्हणा ना. पुण्यातून पहिलं वाहन बाहेर पडलं 1977 मध्ये. मधली जवळजवळ अकरा वर्षं काय चाललं होतं? माणसं तयार होत होती. फिटरच्या पोरानं लोखंडाचा ठोकळा काटकोनात येईपर्यंत कानशीनं घासायचा, ट्राय-स्क्वेअर लावायचा, उजेड दिसला की पुन्हा घासायचा. आज कुठली कंपनी इतकी वाट पाहील, सांगा.

अर्थात या मागे फक्त मुळगावकरांची दृष्टी नव्हती, कायदाही होता. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा, 1 मार्च 1962 पासून लागू. ठरवलेल्या ट्रेडमध्ये ठरावीक प्रमाणात उमेदवार घेणं कारखान्यावर बंधनकारक झालं, आणि मोडलं तर मालकाला कैदेचीसुद्धा तरतूद होती. सुरुवातीला हा कायदा फिटर, टर्नर, वेल्डर अशा कारागीर ट्रेडपुरता होता. 1966-67 च्या मंदीनंतर पदवी घेतलेले इंजिनियरच बेकार फिरू लागले, तेव्हा 1973 मध्ये पदवीधर आणि पदविकाधारकही त्यात आले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: तेव्हा पदवी आधी आणि उमेदवारी नंतर, असा क्रम होता.

जाता जाता एक आठवण. 1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं, आणि त्यांना पुण्यात मुलाखतीला बोलावणं आलं. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असते, ती यासाठी.

आता कायद्यातली दोन कलमं. कलम 18 म्हणतं, शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, शिकणारा आहे. म्हणजे सुरक्षिततेचे नियम आणि अपघाताची भरपाई त्याला आहे, पण एरवी कामगार कायदे लागू नाहीत. कलम 22 2014 च्या दुरुस्तीपर्यंत म्हणत होतं, शिकणं संपल्यावर नोकरी द्यायला मालक बांधील नाही. पिंपरीतल्या कितीतरी घरांत ‘पोरगा कंपनीत लागला’ म्हणून पेढे वाटले गेले, आणि मुदत संपल्यावर या कलमाची ओळख झाली. 1995 मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बाकी सगळं समान असेल तर शिकून तयार झालेल्याला प्राधान्य द्या. प्राधान्य, हक्क नव्हे.

2014 च्या दुरुस्तीनं मालकाची कैद गेली, दंड राहिला. 2019 च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक केलं, आणि किमान विद्यावेतन ठरवलं: दहावी झालेल्याला महिना 6,000, बारावीला 7,000, पदविकेला 8,000, पदवीला 9,000 रुपये. मग 2020 मध्ये यूजीसीनं पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी बसवायला परवानगी दिली. तो जुना क्रम इथे बदलला. पालक विचारत होते ती जाहिरात यातूनच आली.

चाकणला फोक्सवॅगन 2009 मध्ये सुरू झाली, आणि पुढे तिने जर्मन धर्तीवर मेकॅट्रॉनिक्सचे उमेदवार घडवायला घेतले, थोडे दिवस वर्ग, थोडे दिवस शॉप. इंग्लंडमध्ये 2015 पासून पदवीसाठीची उमेदवारी आहे. तिथला मुलगा पहिल्या दिवसापासून कंपनीचा नोकर असतो, त्याची फी तो स्वतः भरत नाही. नाव सारखं असलं तरी आपल्याकडे कलम 18 आहे. आमच्या मते खरा फरक इथेच आहे, आणि माहितीपत्रकांत नेमका तोच सांगितला जात नाही.

म्हणून त्या पालकांना आम्ही उलट प्रश्न विचारले. पदवी कुठलं विद्यापीठ देणार? करारनामा कुणाबरोबर, कंपनीबरोबर की मधल्या संस्थेबरोबर? तो सरकारी पोर्टलवर नोंदला जाणार का? मध्येच कंपनीनं थांबवलं तर उरलेली सत्रं कुठे पूर्ण करायची? एका वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर मुलाची सही झालेली होती, आणि कंपनीच्या नावाची जागा कोरी होती.