ओमरी कास्पी: एनबीएमध्ये ५८८ सामने, प्लेऑफ शून्य!

एनबीएमध्ये खेळलेला पहिला इस्रायली कोण? ओमरी कास्पी. १९८८ साली होलोनमध्ये जन्मलेला हा ज्यू खेळाडू मक्काबी तेल अवीवमध्ये घडला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये सॅक्रामेंटो किंग्जने त्याला २३ व्या क्रमांकावर निवडलं. पुढे मात्र बॅग कायम भरलेलीच. क्लीव्हलँड, ह्यूस्टन, पुन्हा सॅक्रामेंटो... न्यू ऑर्लिन्सकडून तर पहिल्याच सामन्यात अंगठा मोडला आणि संघाने सोडून दिलं.

डिसेंबर २०१५ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध त्याने ३६ गुण काढले, त्यात नऊ थ्री-पॉइंटर. समोर स्टेफ करी होता बरं का! २०१७ मध्ये त्याच वॉरियर्सने त्याला घेतलं. आता तरी प्लेऑफ नक्की, असं वाटत होतं. पण एप्रिल २०१८ मध्ये, प्लेऑफच्या तोंडावर, त्याला सोडलं. करी जखमी होता, गार्ड क्विन कुकसाठी जागा हवी होती आणि कास्पीचा घोटाही दुखावला होता. १ मार्चनंतर सोडलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाकडूनही प्लेऑफ खेळता येत नाही. म्हणजे दोन्ही दारं बंद.

जूनमध्ये वॉरियर्स चॅम्पियन झाले. कास्पी मेम्फिसमध्ये एक सीझन खेळून २०१९ मध्ये मक्काबीत परतला आणि २०२१ मध्ये निवृत्त झाला.