नांवावरचे टिंब

'भंडारा' हा शब्द कागदावर लिहा आणि त्यावरचे टिंब पुसून पाहा. 'भडारा' उरेल, आणि तुमसरच्या बाजारात त्याला कुणी ओळखणार नाही. आता 'नांव' हा शब्द लिहा आणि त्यावरचेही टिंब पुसा. 'नाव' उरेल, आणि कुणाचे फारसे अडणार नाही. दोन्ही टिंबे दिसायला जुळी. पण पहिले बोलते आहे, दुसरे मुके. या मुक्या टिंबाची हकीकत यंदा सांगावी असे मनात आहे. व्याकरणाचे नाव काढताच फराळाचे ताट जवळ ओढणारे वाचक मला ठाऊक आहेत. त्यांनी भिऊ नये. ही गोष्ट माणसांचीच आहे.

टिंबाचे कूळ मोठे जुने. आमच्या जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. तेथे बौद्ध स्तूप निघाला आणि ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेखही मिळाले. ब्राह्मीत अनुस्वार म्हणजे अक्षराच्या उजव्या अंगाला दिलेला एक ठिपका. लिपी बदलत गेली, अक्षरांना शिरोरेघ आली आणि ठिपका हळूहळू अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला.

मराठीत त्याच्या वाट्याला दोन कामे आली. 'दन्त' या संस्कृत शब्दातला न् जिभेवरून निसटला. जाताना मागचा स्वर लांबवून, त्याला नाकात बोलायला लावून गेला. तो झाला 'दांत'. 'पञ्च'चा 'पांच', 'कण्टका'चा 'कांटा', 'ग्रामा'चे 'गांव', 'नामा'चे 'नांव', सारे याच वाटेने आले. गेलेल्या व्यंजनाची आठवण म्हणून टिंब राहिले. दुसरे काम व्याकरणाचे. 'घरें', 'मुलें', 'त्यानें', 'घरीं', 'येथें' अशा रूपांवर ते लिंग आणि विभक्ती यांची खूण म्हणून बसे. माझ्या आजोबांच्या पत्रांत ओळीओळीला ही टिंबे आहेत. पावसाचे पहिले थेंब अंगणात पडावेत तशी दिसतात.

पण घाटावरच्या मराठीत नाकातला तो स्वर ओसरला. हात लिहीत राहिला, तोंड विसरले. मग शाळेतल्या मुलाने काय करावे? कुठल्या शब्दावर टिंब द्यायचे हे कानाला कळत नाही. त्यासाठी संस्कृत मूळ ठाऊक असावे लागते, नाहीतर यादी पाठ करावी लागते. ज्याच्या घरी संस्कृत, त्याला ते सोपे. ज्याच्या घरी नांगर, त्याच्या पाटीवर लाल रेघ.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नव्हते. रशियन लिपीत 'यात' नावाचे एक अक्षर होते. पूर्वी त्याचा उच्चार वेगळा होता. पुढे तो 'ये' या अक्षराच्या उच्चारात मिसळून गेला, तरी लिहिताना भेद पाळावाच लागे. रशियन पोरे 'यात' असलेल्या शब्दांच्या याद्या यमके जुळवून घोकत, आपल्याकडे पावकी-निमकी घोकत तशी. १९०४ साली पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने लेखनसुधारणेसाठी पंडितांची समिती बसवली. योग असा की त्याच १९०४ साली लोकमान्य टिळक पुण्यात 'केसरी'मधून मराठीच्या लेखनपद्धतीच्या वादावर लेख लिहीत होते. उच्चाराप्रमाणे लिहावे की रूढीप्रमाणे, हाच प्रश्न दोन्हीकडे होता.

रशियात त्याचा निकाल क्रांतीने लावला. १९१७ च्या अखेरीस आणि पुन्हा १९१८ च्या ऑक्टोबरात हुकूम निघाले आणि 'यात' गेले. देश सोडून गेलेले रशियन लोक मात्र परमुलखात कितीतरी वर्षे जुन्याच अक्षरांनी छापत राहिले. घर गेले, निदान लिपी तरी राहू दे! बल्गेरियात हेच अक्षर १९४५ पर्यंत टिकले. तेथे दुधाला पूर्वेकडचे लोक 'म्ल्याको' म्हणतात, पश्चिमेकडचे 'म्लेको'. मधले अक्षर 'यात' लिहिले की दोघेही ते आपापल्या परीने वाचत. एकाच अक्षराखाली दोन बोल्या सुखाने नांदत होत्या.

आपल्याकडे क्रांती झाली नाही, नियम झाले. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुणे, मुंबई आणि मराठवाड्याच्या संस्थांबरोबर आमचा विदर्भ साहित्य संघही त्यात होता. महामंडळाने तयार केलेल्या १४ नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांतल्या एका नियमाने अनुच्चारित अनुस्वार लिहू नयेत असे ठरवले. 'लोकांना', 'घरांचा' अशा अनेकवचनी रूपांवरचे टिंब राहिले. 'दांत', 'घरें', 'येथें' यांच्यावरचे गेले.

पोरांचे ओझे हलके झाले, आणि मला त्याचा आनंदच आहे. तरीही हिशेब पुरा मांडायला हवा. वैनगंगेत चालते ती नाव, आणि माणसाला ठेवतात ते नांव. आता दोघींची नावे एकच झाली. 'ते पडले' एवढेच लिहिले तर गडी पडले की घर पडले, हे पुढचे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. 'तें पडलें' म्हटले की घर किंवा लेकरू, हे टिंबच सांगून जाई.

आणि 'अनुच्चारित' म्हणजे कुणाच्या तोंडी अनुच्चारित? कोकणातल्या कित्येक बोलींत तो नाकातला स्वर जिता आहे. आमच्याकडे बावनथडी ओलांडून बालाघाटकडे गेले की 'दाँत', 'पाँच', 'गाँव' सर्रास कानी पडतात. उलट आमच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. छ, श, षही नाहीत. डोळ्याला झाडीत 'डोरा' म्हणतात. उच्चारात नाही म्हणून टिंब काढले, तसा झाडीच्या माणसाने कारभार हाती घेतला असता तर ळ आणि ण यांचीही गच्छंती होती! लेखन उच्चाराप्रमाणे असावे हे म्हणणे रास्तच. पण लेखणी ज्याच्या हाती, उच्चार त्याचा धरला जातो. भंडारा-साकोलीकडचे मूल आजही आपल्या तोंडी नसलेली अक्षरे मुकाट्याने गिरवते आहे. त्याच्या कागदावर 'डोरा' दिसला, तर लाल रेघ ओढण्यापूर्वी गुरुजींनी क्षणभर थांबावे, एवढे तरी या टिंबाने आपल्याला शिकवले पाहिजे.

गंमत अशी की ग्रंथांतून काढलेले टिंब मागच्या दाराने परत आले आहे. 'केलें'चे ग्रंथात 'केले' झाले, पण बोलताना आपण 'केलं' म्हणतो. आणि कथा-नाटकांतल्या संवादांत ते तसेच लिहिण्याची मुभा नियमांनीच ठेवली. 'घरं', 'मुलं', 'सांगितलं' यांच्यावर तेच टिंब पुन्हा विराजमान आहे. आता ते नाकातला स्वर दाखवीत नाही, लांबवलेला अ दाखवते. नोकरी बदलली, पण घराणे तेच.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादे जुने पुस्तक खाली आले, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी मुलांना त्यातले एक पान दाखवा. शब्दांवरचे ठिपके पाहून ती विचारतील, हे काय? त्यांना सांगा, आपले पणजोबा-खापरपणजोबा कधीकाळी जे नाकातून बोलत होते, त्याची ही खूण आहे.