माजोर्ड्याचं व्हायोलिन, ब्रिटनीचं गाणं

ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ सुरू होतं ते तिच्या आवाजानं नव्हे, व्हायोलिनच्या ताफ्यानं. उंच पट्टीतला, धारदार, सुरावरून सुरावर सरकणारा तो तुकडा गाणंभर परत परत येतो आणि बाकी गाणं विसरलं तरी डोक्यातून जात नाही. तो ‘एक दूजे के लिये’ या चित्रपटातल्या ‘तेरे मेरे बीच में’ या गाण्यातून उचललेला आहे, हे आता अनेकांना ठाऊक आहे. ‘लतादीदींचं गाणं ब्रिटनीनं घेतलं’ एवढ्यावर ती गोष्ट संपवली जाते. मला ती अर्धीच वाटते. ‘टॉक्सिक’मध्ये लतादीदींचा आवाज नाही, एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा नाही, दोघांनी गायलेली चालही नाही. घेतलेत ते वाद्यमेळाचे तुकडे. त्यांचं कूळ शोधत गेलं की आपण स्टॉकहोमहून निघून थेट दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याला पोचतो.

माहीत असलेला भाग आधी उरकतो. गाणं लिहिलं कॅथी डेनिस, हेन्रिक योनबॅक आणि ‘ब्लडशाय अँड अव्हाँ’ या नावानं काम करणाऱ्या दोघा स्वीडिश निर्मात्यांनी. कायली मिनोगनं ते नाकारलं, मग ब्रिटनीकडे आलं. २००३च्या ‘इन द झोन’ या अल्बममध्ये ते आहे, २००४मध्ये ते गाजलं आणि २००५मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. मूळ गाण्यातला एकच सलग तुकडा न घेता निर्मात्यांनी वेगवेगळ्या जागा कापून एकमेकींना जोडल्या. म्हणजे कुणीतरी ते गाणं कान देऊन ऐकलं आणि त्यातलं नेमकं काय हवं ते निवडलं.

इथं पहिला आक्षेप येतो. काही जणांना हे व्हायोलिन जेम्स बाँडच्या चित्रपटांतलं वाटतं. ‘टॉक्सिक’मधल्या गिटारवर बाँडपटांची सावली आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तीच मोजपट्टी व्हायोलिनला लावता येत नाही. बाँडपटांत तंतुवाद्यं भव्य, भरदार पसरतात. इथं ती एका ओळीत धावतात, मींड घेतात, म्हणजे सुरावरून सुरावर सरकतात, आणि झटक्यात थांबतात. ही हिंदी चित्रपटगीतातल्या मधल्या संगीताची सवय आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो असा, की त्या काळात सगळेच पूर्वेकडचे आवाज उचलत होते, त्यातलंच हे एक. खरंच आहे. २००१मध्ये मिसी एलियटच्या ‘गेट युअर फ्रीक ऑन’मध्ये तुंबी या पंजाबी तंतुवाद्यासारखा सूर वाजला. २००२मध्ये ट्रूथ हर्ट्सच्या ‘अडिक्टिव्ह’मध्ये लतादीदींचा आवाजच वापरला गेला आणि प्रकरण कोर्टात गेलं. पंजाबी एमसीचं ‘मुंडियां तो बच के’ युरोपभर वाजत होतं. हिंदी तबकड्या स्टॉकहोमच्या स्टुडिओत पोचल्या त्या याच लाटेवर, असं मी खुशाल धरून चालतो. पण लाटेमुळे तबकडी हाती का आली एवढंच कळतं, तिच्यातलं व्हायोलिनच का निवडलं ते कळत नाही. बाकीच्यांनी तुंबी घेतली, गळा घेतला. या मंडळींनी ‘भारतीय’ म्हणून जे वाद्य उचललं, ते मुळात युरोपचंच होतं.

मग ते इतकं भारतीय कसं वाटलं? याचं उत्तर ‘तेरे मेरे बीच में’चे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या कामाच्या वाटणीत आहे. पार्ल्याचे लक्ष्मीकांत कुडाळकर मेंडोलिन वाजवायचे, प्यारेलाल शर्मा व्हायोलिन. लहानपणी मंगेशकरांच्या ‘सुरील कला केंद्रा’त दोघांची गाठ पडली. पुढे जोडी जमली तेव्हा चालीचा भार मुख्यतः लक्ष्मीकांत यांच्यावर आणि वाद्यमेळाचा प्यारेलाल यांच्यावर राहिला. व्हायोलिनचा मोठा ताफा ही या जोडीची ओळखच. तेव्हा ‘टॉक्सिक’नं जे घेतलं, ते प्यारेलाल यांच्या वाट्याचं काम आहे.

यावर कुणी म्हणेल, चित्रपट के. बालचंदर यांचा, नायक तमिळ, गायक बालसुब्रह्मण्यम. मग ती मींड कर्नाटक संगीतातली का नसावी? विचार आकर्षक आहे. मुथुस्वामी दीक्षितारांचे बंधू बालुस्वामी यांनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणलं, त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. पण ते व्हायोलिन मांडी घालून, एकट्यानं किंवा गायकाच्या साथीला वाजतं आणि त्याचा गमक वादकागणिक बदलतो. ‘तेरे मेरे बीच में’मध्ये अख्खा ताफा एकाच क्षणी सुटतो आणि एकाच क्षणी थांबतो.

ते किती अवघड असतं, ते जवळून पाहायला हवं. एकट्यानं मींड घेणं सोपं. वीसजणांनी एकदम घ्यायची, तर प्रत्येकाचं बोट त्याच तारेवर, त्याच जागेवरून, त्याच वेगानं सरकलं पाहिजे. गज सगळ्यांचा एकदम खाली किंवा एकदम वर गेला पाहिजे. एकाचा उलटा गेला तरी आवाजाची धार बोथट होते. म्हणून सूर कागदावर लिहावे लागतात, गजाच्या दिशेच्या खुणा कराव्या लागतात आणि समोरच्याला ते कागद पाहून वाजवता यावं लागतं. मुंबईच्या स्टुडिओंत ही विद्या प्रामुख्यानं गोव्याच्या वादकांनी आणली. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फा, म्हणजे स्वरलेखन वाचून गाणं, आणि जोडीनं व्हायोलिन शिकवत. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे संयोजक गोव्यातूनच आले.

अँथनी गोन्साल्विसही. त्यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायनवृंद सांभाळायचे. मुलगा मुंबईला आला, स्टुडिओत वाजवू लागला, संयोजन करू लागला आणि रागसंगीताच्या प्रेमात पडला. राग पाश्चात्त्य वाद्यमेळासाठी लिहून काढायचे, हा त्यांनी घेतलेला ध्यास. सारंग रागावर त्यांनी कंचेर्टो रचला. १९५८मध्ये वाद्यवृंद उभारून सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. छोटा प्यारेलाल व्हायोलिन शिकला तो यांच्याकडे.

प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेटवादक होते. मुलाला संगीताचे पहिले धडे त्यांनीच दिले, स्वरलेखनही त्यांनीच शिकवलं, म्हणून काही जण सगळं श्रेय त्यांना देतात. पायाचं श्रेय त्यांचंच. पण ट्रम्पेट फुंकून गज कसा ओढायचा ते शिकवता येत नाही. मींड लिहून काढायची आणि ताफ्याकडून वाजवून घ्यायची, ही दृष्टी गोन्साल्विस यांची. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे गाणं आलं, ती शिष्यानं गुरूला दिलेली उघड पावती होती.

१९८१मध्ये ‘एक दूजे के लिये’ आला तेव्हा गोन्साल्विस हिंदी चित्रपटांपासून कधीच दूर झाले होते. १९६५मध्ये ते अमेरिकेला गेले, नंतर माजोर्ड्याला परतले आणि २०१२मध्ये गोव्यातच वारले. चित्रपटाची कथा गोव्यात घडते, हा योगायोग मी पुरावा म्हणून वापरत नाही. त्याची गरजही नाही. चर्चबरोबर युरोपातून गोव्यात आलेलं व्हायोलिन मुंबईत राग शिकलं आणि स्वीडनमध्ये परत गेलं तेव्हा युरोपच्या कानाला ते परकं, नवं वाटलं.

आपण चित्रपटगीत लक्षात ठेवतो ते मुखड्यानं आणि गळ्यानं. मधलं संगीत आलं की बोलायला लागतो. भाषा न कळणाऱ्या निर्मात्याचे कान मात्र नेमके तिथंच टवकारले. म्हणून ‘टॉक्सिक’च्या वंशावळीत लतादीदींच्या आधी प्यारेलाल यांचं नाव यायला हवं, आणि त्यांच्या वरच्या पिढीत अँथनी गोन्साल्विस, मुक्काम माजोर्डा, असं स्पष्ट अक्षरांत लिहायला हवं.