तिसऱ्या पिनचा इतिहास

आजचा विषय आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. इस्त्रीचा प्लग हातात घेऊन बघा. त्याला तीन पिना असतात. दोन सारख्या आणि तिसरी जरा जाड, लांब. दोन पिनांतून वीज येते-जाते. तिसरी पिन इस्त्री तापवत नाही, म्हणून तिची तार जोडलेली नसली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ही अर्थिंगची पिन. तिच्यामागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात माणसांचे जीव गेलेले आहेत.

१७५२ साली अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी एक उपाय सांगितला. छपरावर उंच लोखंडी सळई उभारायची आणि तिची तार थेट जमिनीत न्यायची. मग आभाळातली वीज घराला धक्का न लावता जमिनीत उतरते. पुढच्याच वर्षी रशियात, सेंट पीटर्सबर्ग शहरात, गेऑर्ग रिखमान या शास्त्रज्ञांनीही घरावर सळई लावली. पण त्यांना वीज मोजायची होती. म्हणून त्यांनी तार जमिनीत न नेता खोलीतच थांबवली. वादळ आलं, ते मोजमाप बघायला पुढे वाकले आणि ठिणगी उडून थेट त्यांच्या कपाळावर बसली. ते जागच्या जागी गेले. वीज जमिनीची वाट शोधते. तारेतून वाट मिळाली नाही, तेव्हा ती माणसातून गेली. अर्थिंगचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत आहे.

आपल्या घरातही तेच घडतं. गिझरच्या किंवा पाण्याच्या मोटरीच्या आतली तार झिजते आणि बाहेरच्या लोखंडाला चिकटते. अर्थिंग चांगलं असेल, तर वीज त्या वाटेने भरपूर वाहते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल, तर लोखंडात वीज तशीच दबा धरून बसते. मोटर चालतही राहते. मग ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असलेली बाई तिला हात लावते.

सुरुवातीला विजेची भीती होती ती आगीची. १८८२ साली लंडनमध्ये विजेच्या दिव्यांसाठी नियम निघाले, ते आग लागू नये म्हणून. फ्यूजही तार जळू नये म्हणूनच असतो. माणसाला किती वीज सोसते, हे पुढे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिल यांनी मोजलं. स्वतःहून पुढे आलेल्या १३४ पुरुषांच्या आणि २८ बायकांच्या हातात वीज देऊन, धरलेली तार कुठवर सोडता येते, ते त्यांनी पाहिलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, बायकांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळतात आणि हात तारेला चिकटून राहतो. नऊ वॉटचा साधा दिवासुद्धा निदान ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे दिव्याच्या पाव हिश्श्याने आपला हात अडकू शकतो. आणि घरातला ६ अँपिअरचा फ्यूज? ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर. त्याला आपला जीव जातोय हे कळतच नाही.

ही उणीव भरून निघाली दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात हा मोठा प्रश्न होता. हेन्री रुबिन या इंजिनिअरने १९५६ साली एक यंत्र तयार केलं. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत जरासा जरी फरक पडला, तरी ते क्षणात पुरवठा तोडत असे. स्टिलफोंटेन या खाणकामगारांच्या वस्तीत एक बाई घरातच विजेचा धक्का बसून गेली. त्यानंतर १९५७-५८ मध्ये त्या वस्तीतल्या काही शे घरांत २० मिलिअँपिअरला तुटणारी यंत्रं बसली. आज दुकानात ईएलसीबी किंवा आरसीसीबी मागितलं की मिळतं, ते याच घराण्यातलं.

आपल्याकडे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, वीज पुरवणाऱ्यानेच ग्राहकाच्या जागेत अर्थिंग जोडण्याची सोय करून द्यावी, असं लिहिलं गेलं. २०१० च्या नियमांतही ते कायम राहिलं. घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरला तुटणारं यंत्र असावं, असंही २०१० च्या नियमांत होतं. मात्र कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या होत्या. कमी भार कुणाचा? दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही असणाऱ्या घराचा. तेव्हा तिथे आपणच जागं राहायला हवं.

काय करायचं? परवाना असलेल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं. हिरवी तार बोर्डापासून जमिनीतल्या पाइपापर्यंत सलग आहे का, ते विचारायचं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं, कारण कोरडी माती वीज नीट वाहू देत नाही. कुणी न्यूट्रलची तारच तिसऱ्या पिनला जोडून देत असेल, तर ठाम नाही म्हणायचं. न्यूट्रल तुटली, की त्या जोडणीमुळे इस्त्रीच्या लोखंडातच वीज उतरते. आरसीसीबी बसवलं असेल, तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. बटण दाबताच वीज गेली पाहिजे.

मीटरजवळ अर्थिंगची सोय नसेल, तर वीज कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. एकटीचा अर्ज कागदांत हरवतो, गटाचा हरवत नाही. बचत गटाच्या शेवयाच्या मशीनपासून आणि पिठाच्या गिरणीपासूनच सुरुवात करा. स्टिलफोंटेनमध्ये एक बाई गेल्यावर वस्ती जागी झाली. आपल्या गावाने त्याची वाट पाहू नये.