इंचावर विकली जाणारी ऊब

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि अमेरिकेत घर गरम ठेवणं भलतंच महाग झालं. लोक भिंतीत, माळ्यावर इन्सुलेशन भरायला धावले. १९७८ च्या कायद्याने त्या खर्चावर १५ टक्के करसवलत दिली, जास्तीत जास्त ३०० डॉलर. मग काय, विकणाऱ्यांची चंगळ! थापाही आल्याच.

माल विकला जायचा इंचावर. पण सारख्या जाडीचे दोन थर उष्णता सारखीच अडवतील असं नाही. जाडीला त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागलं की मिळते आर-व्हॅल्यू. ती जितकी जास्त तितका अडथळा मोठा. हा आकडा गिऱ्हाइकाला सांगायची सक्ती फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ च्या नियमाने केली.

मला त्यातली बारीक कलमंच जास्त आवडतात. सेल्युलोजचा भुसा भरताना छान फुगलेला दिसतो, नंतर खाली बसतो. म्हणून आकडा द्यायचा तो बसलेल्या थराचा! हे कलम लिहिणाऱ्याने फसलेली गिऱ्हाइकं पाहिली असणार.

एक घोळ मात्र आहेच, एककांचा. अमेरिकेतला आर-१९ मेट्रिकमध्ये होतो जेमतेम ३.३५, कारण ५.६८ ने भागावं लागतं. (१९९९ मध्ये नासाचं मंगळयान एककांच्या अशाच घोळात गेलं, आम्हा प्रोग्रामर लोकांना ते चांगलंच ठाऊक आहे.) त्यामुळे माहितीपत्रकात नुसता आर दिसला की मी आधी विचारतो: कुठल्या एककात? आणि एका इंचाचा, की अख्ख्या थराचा?