वाटेचा पट्टा आणि मोकळ्या बर्फाचा पट्टा

गतवर्षी फेब्रुवारीत रजा-प्रवास सवलतीचा योग साधून आम्ही सहकुटुंब काश्मीरला गेलो. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत राहून फायलींवर टिपणे लिहिणाऱ्या माणसास बर्फ पाहण्याची हौस असावी यात नवल नाही; परंतु आमचे कुतूहल खरे जागे केले ते बर्फावर चालणाऱ्या एका यंत्राने. गुलमर्ग येथे पर्यटकांस बर्फगाडीवर बसवून फिरविण्याचा व्यवसाय चालतो. पुढे दोन स्की, मागे अखंड फिरणारा रबराचा रुंद पट्टा आणि मध्ये स्कूटरसारखी बैठक, असा या गाडीचा घाट. दाबून घट्ट केलेल्या वाटेवरून आमची गाडी सुरेख धावत होती. बाजूच्या अस्पर्श उतारावर ती घालावी असा आम्ही चालकापाशी हट्ट धरला. त्याने नकारार्थी मान हलवली. पण आमचा आग्रह पाहून पाचपन्नास हात आत नेली. तेथे गाडीचा मागचा भाग जो खचला तो पट्टा गरगर फिरूनही वर येईना. अखेर मांडीइतक्या हिमात उतरून आम्ही दोघांनी गाडी एका कुशीवर कलती केली, खालचे हिम पायांनी तुडवून घट्ट केले, तेव्हा कोठे सुटका झाली. चालक रागावला नाही. पट्ट्याच्या झिजलेल्या दात्यांवरून हात फिरवीत तो एवढेच म्हणाला, "साहेब, हा पट्टा वाटेचा आहे, मोकळ्या बर्फाचा नाही."

परतल्यावर या विषयावर जे वाचावयास मिळाले ते आम्ही वाचले, आणि पट्ट्याचा शतकाहून अधिक काळाचा इतिहास त्या चालकाच्या वाक्याभोवतीच फिरत आहे असे आम्हांस दिसून आले.

आपल्या भाषेत बर्फ हा शब्द एकच. गोळेवाल्याच्या गाडीवरचा तोही बर्फ आणि हिमालयावरचा तोही बर्फ. चिखल, राड, गाळ, रेंदा असे भेद आपण करतो, कारण त्यांत आपले पाय रुततात. ज्यांचे पाय हिमात रुततात त्यांस हिमाचे भेद करणे भाग पडते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमाचा एक घनमीटर पुष्कळदा ५० ते १०० किलो भरतो. दाबून तयार केलेल्या वाटेवर तेवढ्याच जागेत त्याच्या चार-पाचपट हिम असते. पहिले पिठासारखे, दुसरे फरशीसारखे. पिठात पुढे सरकावयाचे तर वल्ह्यासारखे उंच दाते हवेत आणि भार पसरण्यास लांब पट्टा हवा. फरशीवर तेच उंच दाते वाकतात, तापतात, फाटतात आणि लांब पट्टा वळणावर हट्टी बैलासारखा सरळच जाऊ पाहतो. भाताच्या खाचरात चिखलणी करणाऱ्या यंत्राची लोखंडी चाके डांबरी रस्त्यावर आणली म्हणजे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्यास अधिक सांगणे नलगे.

आरंभीच्या लोकांस हा भेद ठाऊक नव्हता असे नाही, पण त्यांची सारी भिस्त इंजिनावर होती. १९०८ साली शॅकल्टन याने दक्षिण ध्रुवखंडावर मोटारगाडी नेली. समुद्रावरच्या कठीण बर्फावर ती चालली, मऊ हिमात मात्र तिची चाके निरुपयोगी ठरली. स्कॉट याने त्यावरून बोध घेऊन पट्ट्यावर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. त्यांतील एक जानेवारी १९११ मध्ये जहाजातून उतरवीत असतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन्ही ध्रुवाच्या प्रवासास निघाल्यावर थोड्याच दिवसांत बंद पडल्या. पुढे त्या मोहिमेचा शोकान्त झाला हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या गाड्यांचे पट्टे नव्हे, इंजिने निकामी झाली होती ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

लवचिक पट्ट्याची कल्पना रुजली ती रशियात. झार निकोलस दुसरा याच्या मोटारखान्यात आदोल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच यंत्रज्ञ होता. लोखंडी कड्यांच्या अवजड साखळीऐवजी त्याने मोटारीच्या मागच्या बाजूस मऊ, अखंड पट्टा बसविला आणि पुढच्या चाकांस स्की जोडल्या. काळाचा न्याय असा की, झार गेला, केग्रेस मायदेशी परतला आणि तशाच पट्ट्याच्या रोल्स-रॉइस गाडीतून लेनिन फिरू लागला. ती गाडी मॉस्कोजवळच्या गोर्की लेनिन्स्किये येथे आजही पाहावयास मिळते. फ्रान्समध्ये सित्रोएन याने केग्रेसला जवळ केले. त्यांच्या गाड्यांनी प्रथम सहारा ओलांडला आणि १९३१ साली बैरूटहून निघालेल्या मोहिमेतील दोन गाड्या श्रीनगरवरून बुरझिल खिंडीच्या वाटेने गिलगिटपर्यंत पोहोचल्या. पोहोचल्या म्हणावयाचे इतकेच. जेथे वाट तुटली तेथे गाड्या सुट्या करून हमालांच्या पाठीवर घालाव्या लागल्या. आपल्या बाजूच्या हिमालयाशी पट्ट्याच्या गाडीची ती भेट माणसाच्या पाठीवरून झाली, हे विसरता कामा नये.

आता ज्या गृहस्थाविषयी हा लेख मुख्यतः लिहावयाचा त्याच्याकडे वळू. जोझेफ-आर्मां बाँबार्दिए याचा जन्म कॅनडातील क्वेबेक प्रांतात, वालकूर या गावी, १९०७ साली झाला. तिकडे हिवाळ्यात रस्ते महिनोन् महिने हिमाखाली जात. मोटारी कोठारात आणि घसरगाडीस घोडा, अशी रीत. पंधराव्या वर्षी या मुलाने फोर्ड गाडीचे जुने इंजिन एका घसरगाडीवर चढविले, मागे लाकडी पंखा लावला आणि धाकट्या भावासह गावातून फेरी मारली. उघडा फिरणारा पंखा पाहून बापाने ते यंत्र तत्काळ मोडावयास लावले. बापाचे चुकले असे आम्हांस वाटत नाही. १९२६ साली मुलाने स्वतःची गॅरेज काढली. उन्हाळ्यात लोकांच्या मोटारी दुरुस्त कराव्या आणि हिवाळ्यात बर्फावरचे प्रयोग करावे, असा त्याचा क्रम कित्येक वर्षे चालला.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. आंत्रपुच्छ फुटून विकार पोटभर पसरला होता. शस्त्रक्रियेवाचून उपाय नव्हता. रुग्णालय शेरब्रूक शहरी, वाट हिमाने बुजलेली आणि गॅरेजातली प्रायोगिक गाडी त्या घडीस चालण्याजोगी नाही. मूल गेले.

अशा प्रसंगाभोवती पुढे आख्यायिका जमतात आणि शोकातूनच शोध लागला असे लिहिण्याचा मोह लेखकांस आवरत नाही. आमच्या मते ते तितकेसे खरे नाही. शोध आधीपासून चालूच होता. मात्र त्यानंतर बाँबार्दिएने वेगाचा नाद सोडून पट्ट्याचा प्रश्न धसास लावला एवढे खास. लोखंडी दातेरी चाकात हिम भरते, गोठते आणि साखळी उतरते, ही खरी अडचण होती. त्याने लाकडाचे दातेरी चाक करून त्यावर रबर चढविले आणि रबर व कापूस यांच्या पट्ट्यास आडव्या पोलादी पट्ट्या जोडून तो त्या चाकावर फिरविला. रबर दबते, वाकते. त्यामुळे चिकटलेले हिम गळून पडते. १९३७ च्या जूनमध्ये या रचनेचे पेटंट त्यास मिळाले. कागदोपत्री एका चाकाचे आणि पट्ट्याचे हे पेटंट. पण त्यामुळे सात माणसांची आणि मागाहून बारा माणसांची बंद गाडी हिमावरून धावू लागली. तीत डॉक्टर बसले, टपाल गेले, शाळेची मुले गेली आणि रुग्णही गेले.

पुढे घडले ते विलक्षण. १९४८ साली क्वेबेक सरकारने कायदा करून हिवाळ्यात रस्ते साफ ठेवण्याची व्यवस्था केली. लोकांस ते हिताचेच होते. डॉक्टर आता साध्या मोटारीने येऊ शकत होता. परंतु बाँबार्दिएच्या गाड्यांची विक्री एका वर्षात निम्म्याजवळ घसरली. ज्या अडचणीवर त्याने आयुष्य वेचले ती अडचणच सरकारने फावड्याने दूर केली! त्याने तक्रार करीत वेळ दवडला नाही. तोच पट्टा रुंद करून त्याने १९५३ च्या सुमारास दलदलीत व जंगलात चालणारा ट्रॅक्टर काढला.

एकट्या माणसाच्या छोट्या गाडीचे त्याचे जुने स्वप्न मात्र मनात होतेच. हलकी इंजिने मिळू लागली आणि सांधा नसलेला, एकसंध रबरी पट्टा तयार झाला; या कामी त्याचा थोरला मुलगा जर्मेन याचा मोठा हात होता. १९५९ साली 'स्की-डू' बाजारात आली. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा तिने घ्यावी म्हणून नाव 'स्की-डॉग' ठरले होते, छपाईत अक्षर चुकले, असे सांगतात. आरंभीची एक गाडी उत्तर ऑन्टारियोतील त्याच्या ओळखीच्या एका धर्मोपदेशकास मिळाली. म्हणजे याही वेळी हेतू सेवेचाच होता. गिऱ्हाईक मिळाले ते मात्र मौजेचे. १९६४ साली बाँबार्दिए वारला, तेव्हा लोक ही गाडी खेळ म्हणून घेऊ लागले होते.

खेळ आला आणि चालकाचे ते वाक्य पुन्हा पुढे आले. उपयोगाच्या गाडीस वाट असते. खेळणाऱ्यास वाट सोडावयाची असते. सबब पट्ट्यांच्या जाती झाल्या. बांधीव वाटेसाठी एक-सव्वा इंच उंचीचे दाते, डोंगरातल्या मोकळ्या हिमासाठी अडीच-तीन इंचांचे, आणि दोन्हीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मधले, ज्यांवर दोन्ही पक्ष थोडे थोडे नाराज असतात.

अलीकडची पायरी म्हणजे बर्फावरची मोटारसायकल. डोंगरी मोटारसायकलची दोन्ही चाके काढून पुढे एकच स्की आणि मागे अरुंद पट्टा बसवावयाचा. अमेरिकेत आयडाहो प्रांतातील सँडपॉइंट येथे टिंबरस्लेड या कारखान्याने असे जोडसामान विकण्यास आरंभ केला आणि २०१५ साली पोलॅरिस कंपनीने तो कारखाना विकत घेतला. या गाडीत जुना प्रश्न अधिकच तीव्र होतो. पट्टा अरुंद, इंजिन मोटारसायकलचे, आणि वळावयाचे तर अंग झुकवून. उंच दाते मऊ हिमात तारतात खरे, पण पुष्कळ शक्तीही खातात. कठीण वाटेवर तीच गाडी डुगडुगते. म्हणून हौशी माणसे घरीच हत्यारे घेऊन बसतात. कोणी कडेच्या ओळीचे दाते छाटून गाडीस कलण्यास मोकळीक देतो, कोणी दात्यांमधल्या जागी भोके पाडून वजन कमी करतो व हिम साचू देत नाही. पुढचे दातेरी चाक लहान करणे हा आणखी एक उपाय. त्याने वेग घटतो, ओढ वाढते. पट्ट्याचा ताण ही तर रोजची कटकट. सैल राहिला तर मऊ हिमात जोर पडताच तो दात्यांवरून उडी मारतो, फार आवळला तर इंजिनाची शक्ती त्यातच मुरते. शिवाय पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांस उडणाऱ्या हिमाचाच ओलावा व थंडावा लागतो. टणक वाटेवर हिम उडत नाही आणि त्या तापून वितळू लागतात. त्यावर तोड म्हणून वाट खरवडीत जाणारी तारेची नखे लावतात. खरवडलेला चुरा उडून पट्ट्यावर पडतो आणि काम भागते.

या छाटाछाटीकडे पाहून कोणी म्हणेल की हा रिकामटेकड्यांचा उद्योग. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु हिवाळ्यात मोटारी थांबल्या म्हणजे गॅरेजात बसून पट्टा कापणारा, जोडणारा, पुन्हा कापणारा तो वालकूरचा तरुण तरी काय निराळे करीत होता? त्याची १९२६ ची गॅरेज आता गावातल्या संग्रहालयाच्या आवारात जपून ठेवली आहे. शेरब्रूकचा रस्ता तर १९४८ च्या त्या कायद्यापासून हिवाळ्यातही साफ केला जातो.