सुरतेच्या गोऱ्या कबरींवरचे घुमट

सुरतेच्या बमरोली, पांडेसरा, उधना या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. त्याच सुरतेत, जुन्या शहराच्या कातारगाम दरवाजापाशी, इंग्रजांचं कब्रस्तान आहे. आत गेलं की पहिला प्रश्न पडतो तो हाच, की ख्रिस्ती माणसांच्या कबरींवर हे मोगली घुमट आले कुठून?

त्याचं उत्तर वखारीत मिळतं. सतराव्या शतकातल्या सुरतेत इंग्रजांचं स्वतंत्र चर्च नव्हतं, वखारीतच प्रार्थनेची जागा होती. त्या काळी सुरतेला आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन लिहितो की तिथे एकाही सजीवाचं चित्र ठेवलं नव्हतं. मुसलमानांना खटकू नये म्हणून. उपासना अशी जपून चाले. मानमरातब मात्र चारचौघांत दिसायला हवा होता. मोगली शहरात मोठ्या माणसाची कबर घुमटावरून ओळखली जाई, म्हणून वखारवाल्यांनीही तीच रीत उचलली.

तिचा सर्वांत ठसठशीत नमुना म्हणजे वखारीतल्या ऑक्झिंडन बंधूंची कबर. ख्रिस्तोफर 1659 मध्ये वारला. त्याच्या लॅटिन मृत्युलेखात वखारीची वही उघडलेली आहे: त्याच्या खात्यावर वर्षं नाहीत, नुसते दिवस जमा झाले, मालकांनी चाकर गमावला, सोबत्यांनी सोबती, त्यानं स्वतः जीव, पण पानाच्या दुसऱ्या बाजूला मरण हाच लाभ मांडावा. हिशेबातच हयात घालवणाऱ्यांचं दुःखसुद्धा जमाखर्चातून बोलतं, आणि म्हणूनच ते मला खरं वाटतं. भाऊ सर जॉर्ज 1669 मध्ये गेला, तेव्हा त्याच कबरीवर आणखी मोठा, दुमजली घुमट चढला. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच. 1674 च्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्रीही याच घराण्यातला.

डचांनीही हीच वाट धरली. मलबारच्या वनस्पतींवरचा 12 खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध करवणारा व्हान रेडे 1691 मध्ये वारला. जवळच्या डच कब्रस्तानात त्याच्या कबरीवर खांबांच्या सज्जांचा प्रचंड दुमजली घुमट उभा राहिला.

1687 मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य ठाणं मुंबईला हललं. तिथे राज्य त्यांचंच होतं, तेव्हा मोगली घुमटांची गरज उरली नाही. 1718 च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडलं, आणि पुढे बड्या साहेबांची नावं त्याच्या भिंतींवरच्या संगमरवरात कोरली जाऊ लागली.